मागे राहिलेले बिऱ्हाड

मुंबईत धोबी तलावाजवळच्या लघुवाद न्यायालयातून ताब्याचे वॉरंट घेऊन निघालेला बेलिफ जेव्हा गिरगावातल्या किंवा लालबागमधल्या एखाद्या चाळीचा जिना चढू लागतो, तेव्हा घरमालक आणि भाडेकरू यांच्यामधला, कित्येकदा एका पिढीने सुरू करून दुसऱ्या पिढीने शेवटास नेलेला वाद कायद्याच्या दृष्टीने निकालात निघालेला असतो. दावा चालून हुकूमनामा झालेला असतो, अपील फेटाळले गेलेले असते, दरखास्तीवर हुकूमही झालेला असतो. दाराला कुलूप असेल तर न्यायालयाच्या हुकमाने ते तोडता येते, अडथळा होईल असे वाटल्यास पोलिसांची कुमक मागता येते, आणि खोली अर्जदाराच्या स्वाधीन करून कब्जेपावतीवर त्याची सही घेतली की बेलिफाचे त्या जागेपुरते कर्तव्य पुरे होते. परंतु दार उघडल्यावर दृष्टीस पडते ती रिकामी खोली क्वचितच असते. भिंतीशी गुंडाळून ठेवलेली गादी, फडताळातली भांडी, माळ्यावर चढवलेल्या पत्र्याच्या ट्रंका, कोनाड्यातले देव, खिडकीच्या गजाला अडकवलेली पिशवी आणि तिच्यात कोंबलेले कागद हे सारे जेथल्या तेथे असते. आणि या जिनसांचे पुढे काय करावे, याविषयी त्या हुकूमनाम्यात बहुधा एक अक्षरही नसते.

या लेखाचा विषय त्या जिनसा आहेत. भाडेकरूला जागेतून काढावे की काढू नये, मालकाची गरज खरी की खोटी, पागडी घेणारा अधिक दोषी की देणारा, हे प्रश्न आपल्याकडे पाऊणशे वर्षे पुरेसे चर्चिले गेले आहेत आणि त्यांच्यावर ग्रंथालये भरतील इतके निकाल उपलब्ध आहेत. ताबा दिल्या-घेतल्यानंतरच्या त्या एका दिवसाविषयी मात्र आपण फारसे बोललेलो नाही, आणि हे मौन मला अन्यायाचे वाटते. कारण जागेवरचा हक्क संपला म्हणून त्या जागेतल्या वस्तूंवरचा हक्क संपत नाही, इतकी साधी गोष्ट त्या दिवशी जिन्यावर उभ्या असलेल्या मंडळींपैकी फार थोड्यांच्या ध्यानात असते.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या, म्हणजे १९०८ च्या कायद्याच्या, एकविसाव्या आदेशातील पस्तिसाव्या नियमात स्थावर मालमत्तेचा ताबा कसा द्यावा ते सांगितले आहे. हुकूमनाम्याने बांधलेली आणि जागा सोडण्यास नकार देणारी व्यक्ती असल्यास तिला बाहेर काढावे, आत शिरण्यास वाव मिळत नसेल तर कुलूप-कडी काढावी किंवा दार फोडावे, आणि तत्पूर्वी घरात रिवाजाप्रमाणे लोकांसमोर न येणाऱ्या स्त्रिया असतील तर त्यांना पूर्वसूचना देऊन बाजूला होण्याची सवलत द्यावी, इतका बारीक विचार त्या नियमाच्या कर्त्यांनी केला. तथापि घरातली माणसे बाहेर पडल्यावर, किंवा मुळात कोणी नसताना, मागे राहणाऱ्या जंगम मालमत्तेसंबंधी त्या मूळ नियमात काहीच तरतूद नाही. ही उणीव अनुभवाने जाणवल्यामुळे काही उच्च न्यायालयांनी आपापल्या अधिकारात पुरवणी नियम केले. केरळचा नियम या बाबतीत अभ्यासण्यासारखा आहे. तेथे अंमलदाराने प्रतिष्ठित व्यक्तींसमक्ष सामानाची अंदाजी किमतीसह यादी करावी, सामान अर्जदाराच्या हवाली करून ते सुरक्षित ठेवण्याबद्दल त्याच्याकडून मुचलका लिहून घ्यावा, न्यायालयाने सामनेवाल्यास नोटीस देऊन तीस दिवसांच्या आत सामान नेण्यास सांगावे, आणि तो न आल्यास जाहीर लिलाव करून, ठेवणावळ व लिलावाचा खर्च वजा जाता उरलेली रक्कम त्यालाच परत करावी, असा क्रम घालून दिलेला आहे. यातल्या शेवटच्या शब्दांकडे वाचकांनी लक्ष द्यावे. उरलेली रक्कम घरमालकाची नव्हे, सरकारची नव्हे. ज्याचे सामान त्याची.

आता माणसे सामान मागे का टाकून जातात, हा प्रश्न सुस्थितीतल्या मनुष्याला पडतो आणि त्याचे उत्तर तो बहुधा निष्काळजीपणा असे देतो. वस्तुस्थिती निराळी आहे. शेवटच्या क्षणी वरच्या न्यायालयातून स्थगिती येईल, या वकिलाच्या किंवा स्वतःच्या आशेवर कुटुंब बसून राहते आणि टेम्पो ठरवीत नाही. ज्यांना जाण्यास दुसरे घर नाही, ते कपाट कोठे नेणार? एकटा वृद्ध भाडेकरू रुग्णालयात असतो किंवा मरण पावलेला असतो आणि त्याचे वारस कोण, हेच ठाऊक नसते. काहीजण मुद्दाम सामान ठेवतात; सामान आहे तोवर आपला पाय त्या जागेत आहे, अशी त्यांची समजूत असते आणि ती समजूत कायद्याला मान्य नसली तरी माणसाला समजण्यासारखी आहे.

गिरणगावाचा इतिहास या संदर्भात विसरता येत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, संप लांबला, पगार थांबला, आणि परळ, लालबाग, वरळी, भायखळा या भागांतल्या खोल्यांमधून कोकणात, घाटावर, सातारा-सांगलीकडे बिऱ्हाडेच्या बिऱ्हाडे परतली. खोलीला कुलूप लागले, किल्ली शेजाऱ्याकडे किंवा गाववाल्याकडे राहिली, सामान आत राहिले. गणपतीनंतर येऊ, शिमग्यानंतर येऊ, अशी भाषा होती. मुंबई भाडे नियंत्रणाच्या १९४७ च्या कायद्यात, आणि त्याच्या जागी ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमातही, सबळ कारणाशिवाय सतत सहा महिने जागा वापरली नाही तर मालकाला ताबा मागता येतो. ज्या माणसाची गिरणी बंद पडली, त्याने गावी जाऊन राहणे हे सबळ कारण होते की नाही, याचा निर्णय प्रत्येक खटल्याच्या पुराव्यावर होणार. परंतु समन्स बंद दारावर चिकटवले जाते, गावी ती बातमी पोहोचतेच असे नाही, आणि असा एकतर्फी हुकूमनामा झाला तर कुलूप तुटेपर्यंत आतल्या सामानाच्या धन्याला काही ठाऊकही नसते.

त्या सामानात सर्वांत मोलाचे काय असते, हे पंचनाम्याची यादी वाचून कळत नाही. पंचनाम्याची एक भाषा ठरून गेलेली आहे: लाकडी पलंग एक, जुना वापरता, लोखंडी कपाट एक, आरसा फुटलेला, स्टीलचे डबे लहानमोठे, पितळी हंडा एक, टेबलपंखा एक, चालू स्थितीत आहे किंवा कसे ते तपासले नाही. अखेरीस एक ओळ येते, ‘इतर किरकोळ सामान’, आणि त्या एका ओळीत एका कुटुंबाचे सारे दप्तर गडप होते. शाळा सोडल्याचा दाखला, जातीचे प्रमाणपत्र, शिधापत्रिका, विम्याची पॉलिसी, सुनेची प्रसूतीची कागदपत्रे, मुलाची गुणपत्रिका, वडिलांचा मृत्यूचा दाखला, गावच्या जमिनीचा सातबारा, भाडेपावत्यांचे पुडके हे सर्व पंचांच्या दृष्टीने किरकोळ, कारण बाजारात त्याला रद्दीचा भाव. गिरणी कामगाराच्या बाबतीत तर या ‘किरकोळ’ कागदांनीच पुढे घर मिळायचे की नाही ते ठरवले. गिरण्यांच्या जमिनींवर बांधलेली घरे म्हाडाने सोडतीने देण्यास आरंभ केला आणि २०१२ साली मोठी सोडत निघाली, त्या वेळी १ जानेवारी १९८२ रोजी किंवा नंतर आपण गिरणीच्या पटावर होतो, हे अर्जदाराला सिद्ध करावे लागले. गिरणीचे ओळखपत्र, पगाराची चिठ्ठी, भविष्यनिर्वाह निधीचा उतारा, राज्य विमा योजनेचे कार्ड अशांपैकी पुरावा हवा होता. घरांसाठी सुमारे दीड लाख कामगारांनी व वारसांनी अर्ज भरले होते. ज्याची पिशवी खिडकीच्या गजाला अडकवलेली राहिली आणि ताब्याच्या दिवशी रद्दीवाल्याकडे गेली, त्याला एका कुलपापायी एक खोली जाऊन वर दुसऱ्या घराचा पुरावाही गमवावा लागला असेल, तर ती हानी कोणत्या यादीत किती रुपयांची म्हणून लिहावी?

येथे आपल्याच कायद्यातील एक थोर तरतूद मला आठवते. पैशाच्या वसुलीसाठी ऋणकोच्या मालमत्तेवर जप्ती आणता येते. परंतु त्याच दिवाणी प्रक्रिया संहितेच्या साठाव्या कलमाने काही वस्तू जप्तीच्या बाहेर ठेवल्या आहेत. ऋणकोचे, त्याच्या पत्नीचे व मुलांचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, खाटा व अंथरूण-पांघरूण, धर्माच्या रूढीनुसार स्त्रीने अंगावेगळे करू नयेत असे दागिने, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे व बियाणे, हिशेबाच्या वह्या, या गोष्टींना सावकाराचा हात लागू शकत नाही. बासष्टाव्या कलमाप्रमाणे जंगम मालमत्तेच्या जप्तीसाठी सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी कोणाच्या राहत्या घरात शिरता येत नाही. लाखो रुपये बुडवणाऱ्या ऋणकोच्या घरातला तवा आणि उशी कायदा एवढ्या कटाक्षाने राखतो. आणि ज्याच्याकडे एक पैही येणे नाही, ज्याने भाडे दरमहा मनिऑर्डरीने पाठवले, केवळ मालकाची स्वतःच्या वापरासाठीची निकड न्यायालयाने मान्य केली म्हणून ज्याला जावे लागले, त्याचा तवा आणि उशी मात्र चाळीच्या व्हरांड्यात, पावसाळा असेल तर पावसात, कोणाच्याही हवाली न होता पडून राहू शकतात. एकाच संहितेची ही दोन अंगे एकमेकांना अनोळखी राहिली आहेत.

घरमालकाची बाजूही येथे प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, आणि ती हलकी नाही. मुंबईतल्या जुन्या इमारतींची प्रमाणित भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधली गेली आणि अर्धशतकाहून अधिक काळ तेथेच राहिली. १९९९ च्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली खरी, पण ती कोणत्या मूळ रकमेवर, हे पाहिले म्हणजे त्या वाढीचे मोल कळते. ज्या विधवा मालकिणीने मुलाच्या लग्नानंतर एक खोली मिळावी म्हणून अठरा वर्षे तारखा घातल्या, तिच्या गळ्यात ताब्याच्या दिवशी दुसऱ्याचे कपाट, दुसऱ्याच्या ट्रंका आणि दुसऱ्याचे देव पडतात. ते तिने ठेवायचे कोठे? हरवले तर चोरी केल्याचा आळ तिच्यावर, उंदरांनी कुरतडले तर हयगय केल्याचा. भाडेकरूचा पत्ता ठाऊक नाही, फोन लागत नाही, आणि ज्या खोलीसाठी इतका अट्टाहास केला ती खोली परक्या सामानाची वखार होऊन बसते.

अशा मालकाने काय करावे याचे उत्तर आज एका कलमात सापडत नाही; ते १८७२ च्या करार कायद्याच्या निरनिराळ्या कलमांतून गोळा करावे लागते. दुसऱ्याची वस्तू सापडून ती ज्याने आपल्या ताब्यात घेतली, त्याच्यावर एकाहत्तराव्या कलमाने निक्षेपी म्हणजे ठेव सांभाळणाऱ्या मनुष्यासारखीच जबाबदारी येते. आणि एकशे एक्कावन्नाव्या कलमाप्रमाणे, साधारण शहाणा मनुष्य स्वतःच्या तशाच मालाची जितकी काळजी घेईल तितकी काळजी त्याला घ्यावी लागते. याहून अधिकही नाही आणि उणेही नाही. सांभाळलेला माल सापडणाऱ्याला विकता येतो तो ठरावीक परिस्थितीतच: शोध करूनही धनी सापडत नसेल किंवा तो योग्य खर्च देण्यास नकार देत असेल, आणि त्यातही माल नासण्याचा वा त्याची बहुतांश किंमत जाण्याचा धोका असेल अथवा सांभाळण्याचा खर्च किमतीच्या दोन-तृतीयांशापर्यंत गेला असेल तर.

आणखी एक कलम असे आहे की ते प्रत्येक घरमालकाने आपल्या भाडेपावतीच्या पुस्तकात लिहून ठेवावे. थकलेल्या भाड्यापोटी सामान अडकवून ठेवण्याची रीत आपल्याकडे इतकी रुळलेली आहे की तो मालकाचा हक्कच असल्याचे दोन्ही पक्ष धरून चालतात. एकशे एकाहत्तरावे कलम सर्वसाधारण येणे-बाकीपोटी हाती आलेला माल रोखून धरण्याचा अधिकार पेढीवाले, आडते, धक्क्याचे मालक, उच्च न्यायालयाचे ॲटर्नी आणि विम्याचे दलाल एवढ्यांनाच देते, आणि इतर कोणाला तसा स्पष्ट करार असल्याखेरीज तो नाही, असेही सांगून ठेवते. घरमालक या मालिकेत नाही. भाडे थकले असेल तर त्याच्या वसुलीसाठी दावा आहे; पण भाडेकरूची शिलाई यंत्रे किंवा मुलांची पुस्तके कुलूपबंद करून ठेवणे हा वसुलीचा मार्ग नव्हे, आणि अप्रामाणिक हेतूने ती आपलीशी केली तर १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या तीनशे चौदाव्या कलमाखाली तो अपराध ठरू शकतो.

भिंतीला व जमिनीला जडवलेल्या वस्तूंविषयी मालमत्ता हस्तांतरणाचा १८८२ चा कायदा स्पष्ट आहे: भाडेकरूने बसवलेला माळा, कडाप्प्याचा ओटा, जाळी वगैरे त्याला काढून नेता येतात, पण ताबा त्याच्याकडे आहे तोवरच, आणि जागा मूळ स्थितीत ठेवून. ताबा गेल्यावर त्यांच्यासाठी भांडण्यात अर्थ नाही.

हे झाले न्यायालयाच्या मार्गाने गेलेल्यांचे. आज पुण्या-मुंबईत बहुसंख्य तरुण मंडळी अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सच्या करारावर राहतात आणि त्यांच्या बाबतीत बेलिफ क्वचितच जिना चढतो. मुदत संपते, बोलाचाली होते, एके दिवशी दाराला दुसरे कुलूप दिसते. मुदत संपलेल्या परवानाधारकाला काढण्यासाठी १९९९ च्या कायद्याने सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करण्याची संक्षिप्त पद्धत घालून दिली आहे आणि मुदतीनंतर राहणाऱ्याकडून दुप्पट शुल्क घेण्याचीही तरतूद केली आहे. एवढा सोपा मार्ग असताना स्वतःच्या हाताने कुलूप बदलण्याचे कारण मला दिसत नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी पुकारली गेली, तेव्हा हा प्रश्न एकाएकी हजारो खोल्यांत उभा राहिला. पुण्याच्या सदाशिव पेठेत, नारायण पेठेत स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करण्यासाठी मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून आलेली मुले अंगावरच्या कपड्यांनिशी गावी गेली. पुस्तके, टिपणांच्या वह्या, मूळ प्रमाणपत्रे, गाद्या खोल्यांवर राहिल्या. एप्रिल २०२० मध्ये राज्याच्या गृहनिर्माण विभागाने घरमालकांना भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलण्याची आणि भाडे न भरल्याबद्दल कोणाला बाहेर न काढण्याची सूचना केली. पुष्कळ घरमालकांनी ती मनापासून पाळली, काहींनी मुलांची पुस्तके खोक्यांत भरून एसटीने पाठवल्याचीही उदाहरणे मी ऐकली आहेत. आणि याच्या उलट, थकलेल्या तीन महिन्यांच्या भाड्यापोटी मूळ गुणपत्रिका अडकून पडल्याचीही. बारावीच्या गुणपत्रिकेला बाजारात किंमत शून्य, आणि तिच्या धन्याला ती अमोल. म्हणूनच ती अडवून ठेवणे सर्वांत परिणामकारक आणि सर्वांत निर्दय असते.

जे सामान नेण्यास कोणीच येत नाही, त्याची अखेरची वाट ठरलेली आहे. लोखंड भंगारवाल्याकडे, कागद रद्दीत, लाकूड आणि जुन्या नक्षीची कपाटे मुंबईच्या चोर बाजारात, आणि पुण्यात बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात. लग्नातली छायाचित्रे चौकटीच्या भावाने विकली जातात. घेणारा चौकट घेतो. देवांना मात्र हात लावण्यास बहुतेक हमाल तयार नसतात. ते देव जवळच्या देवळाच्या ओवरीत किंवा पिंपळाच्या पारावर नेऊन ठेवले जातात, आणि हा लोकाचार कोणत्याही कायद्याशिवाय पाळला जातो.

इतर देशांनी या बाबतीत काय केले, ते थोडक्यात सांगतो. इंग्लंडमध्ये १९७७ च्या एका कायद्याने, न नेलेला माल ज्याच्याकडे पडून आहे त्याने धन्याला रीतसर नोटीस देऊन, मुदत संपल्यावर तो विकावा आणि खर्च वजा जाता उरलेले पैसे धन्यासाठी ठेवावेत अशी व्यवस्था केली. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात घरमालकाने सामानाचे वर्णन करणारी नोटीस द्यायची असते, ती हाती दिल्यास किमान पंधरा आणि टपालाने पाठवल्यास किमान अठरा दिवसांची मुदत असते, आणि माल ठरावीक किमतीहून अधिक असेल तर जाहीर लिलावाखेरीज त्याला हात लावता येत नाही. यात भाडेकरूचे रक्षण आहे तसे घरमालकाचेही आहे. पायरीने वागलेल्या मालकावर नंतर कोणी दावा लावू शकत नाही.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमात असे एक स्वतंत्र कलम घातले जावे, अशी माझी मागणी आहे, आणि ती पुरेशा विचाराने केलेली आहे. ते कलम बेलिफाने दिलेल्या ताब्याला लागू असावे, सक्षम प्राधिकाऱ्याच्या हुकमाला असावे, आणि भाडेकरू आपण होऊन निघून गेला असेल तेव्हाही असावे. यादी दोन पंचांसमक्ष आणि छायाचित्रांसह व्हावी. आज प्रत्येक बेलिफाच्या खिशात मोबाईल आहे, तेव्हा खर्चाची सबब सांगता येणार नाही. कागदपत्रे, छायाचित्रे, देव, औषधे आणि उपजीविकेची हत्यारे यांची नोंद ‘किरकोळ’ या सदरात करण्यास स्पष्ट मनाई असावी. या वस्तू निराळ्या बांधून, मोहोर लावून, नाझराच्या दप्तरात निदान एक वर्ष ठेवाव्यात, आणि भाडे कितीही थकलेले असले तरी मागताक्षणी विनामूल्य परत द्याव्यात. उरलेल्या सामानासाठी तीस दिवसांची मुदत, नंतर जाहीर लिलाव, आणि शिल्लक न्यायालयात धन्याच्या नावावर जमा. नोटीस बंद दारावर चिकटवून न थांबता ती भाडेकरूच्या गावच्या पत्त्यावर आणि त्याच्या मोबाईलवरही गेली पाहिजे. आणि ज्या घरमालकाने हे सर्व यथासांग केले, त्याला पुढच्या प्रत्येक दाव्यापासून पूर्ण संरक्षण मिळाले पाहिजे.

विधिमंडळाला यासाठी वेळ लागेल. तोवर ज्या वाचकांची घरे भाड्याने दिलेली आहेत आणि जे स्वतः भाड्याने राहतात, त्यांनी पुढच्या खेपेस करारावर सही करण्यापूर्वी त्यात तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: मागे राहिलेले सामान किती दिवस सांभाळले जाईल, कळवायचे कोणाला आणि कोणत्या पत्त्यावर, आणि कागदपत्रे कोणत्याही कारणाने अडवली जाणार नाहीत. करार नोंदवणे या राज्यात कायद्याने बंधनकारकच आहे. या ओळी त्यात घालण्यास वेगळे शुल्क पडत नाही.